घरच्या डॉपलरवर बाळाचे ठोके सापडत नाहीत तेव्हा

वाचकांचे प्रश्न : स्त्री-आरोग्य

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका गावात सासरी राहते. माझे वय २४ असून मला सतरावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात माझा गर्भपात झाला. त्या वेळी सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग 'ठोके दिसत नाहीत' एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला तरी पोटात गोळा येतो. माझे पती सुरतला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत आणि महिन्या-दीड महिन्याने घरी येतात. माझी काळजी पाहून त्यांनी घरच्या घरी ठोके ऐकण्याचे डॉपलर यंत्र मोबाइलवरून मागवले. पहिल्या रात्री १५२ असा आकडा आला आणि आम्ही दोघेही फोनवरच रडलो. तिसऱ्या दिवशी मात्र पाऊण तास शोधूनही काही सापडले नाही. शेवटी बेंबीजवळ जोरात आवाज आला आणि आकडा ८८ दिसला. बाळाचे ठोके मंदावले असे समजून दिरांनी रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांची गाडी मागून मला तालुक्याला नेले. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित होते आणि ठोके १४८ होते. तरीही आता मी दिवसातून पाच-सहा वेळा यंत्र लावते आणि लावल्याशिवाय झोप येत नाही. सासूबाई म्हणतात, ''बाळ बरं शे, तू ते डबडं ठेवी दे.'' नात्यातील एक बाई म्हणतात की ठोके १५० च्या वर असले म्हणजे मुलगी असते. एवढ्या वेळा यंत्र लावल्याने बाळाला अपाय होईल का? ठोके किती असावेत? आणि सापडले नाहीत तर मी काय समजावे?

उत्तर : ताई, सर्वप्रथम त्या रात्रीच्या ८८ या आकड्याबद्दल सांगते, कारण तुमच्या पुढच्या सगळ्या भीतीचे मूळ त्यात आहे. तो आकडा बहुधा बाळाचा नव्हताच. तो तुमचा स्वतःचा होता. हृदयातून निघालेली शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी पाठीच्या कण्यासमोरून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिचे दोन फाटे होतात. बेंबीपाशी डॉपलर टेकवून थोडा दाब दिला की तिचा आवाज ठळक ऐकू येतो. सतराव्या आठवड्यात गर्भाशय अजून बेंबीपर्यंत पोचलेले नसते. जांघेच्या मधल्या हाडापासून बेंबीपर्यंतचे अंतर धरले, तर ते निम्म्याच्या थोडे वर असते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीशी येते. म्हणजे तुम्ही बाळ जिथे नव्हते तिथे बाळाला शोधत होता आणि जे सापडले ते तुमच्याच नाडीचे ठोके होते. त्या वेळी दुसऱ्या हाताची बोटे मनगटावर ठेवली असती, तर यंत्रातला आवाज आणि नाडी एकाच तालात चालल्याचे तुमच्या लगेच लक्षात आले असते.

यात तुमचा काही दोष नाही. नर्स आणि डॉक्टर यांनाही हा फरक शिकावा लागतो आणि आम्हीदेखील ठोके मोजताना बाईची नाडी हाताशी ठेवतो. शिवाय यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. घाबरलेल्या बाईची नाडी ११० ते १२० पर्यंत सहज जाते. तेवढा आकडा यंत्रावर दिसला तर तो बाळाचा वाटू शकतो आणि आईचे ठोके ऐकून 'बाळ ठीक आहे' असा समज होऊ शकतो. वारेच्या (प्लॅसेंटाच्या) बाजूने गर्भाशयात वाहणाऱ्या रक्ताचा वाऱ्याच्या झुळुकीसारखा सूं-सूं आवाज येतो, तोही आईच्याच नाडीच्या तालावर असतो. नाळेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज मात्र बाळाच्या तालावर चालतो.

हे यंत्र नेमके काय करते ते समजून घेतले, तर त्याचा दरारा थोडा कमी होईल. ख्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी एक तत्त्व मांडले. लांबून येणाऱ्या रेल्वेची शिट्टी जवळ येताना बारीक आणि पुढे निघून गेल्यावर जाडसर ऐकू येते, ते याच तत्त्वामुळे. अमळनेरच्या फलाटावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने ते अनुभवलेले आहे. तुमच्या हातातील यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडते. समोर काही हलणारे असेल, तर परत येणाऱ्या लहरींत फरक पडतो आणि त्या फरकावरून यंत्र आवाज तयार करते. आपण पूर्वीच्या लाकडी नळीतून ऐकायचो तसा हा हृदयाचा प्रत्यक्ष आवाज नसतो. हलणारी वस्तू बाळाचे हृदय आहे, तुमची रक्तवाहिनी आहे, की तुमचा हातच हलला आहे, हे त्या यंत्राला कळत नाही; ते ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखावे लागते.

आता ठोके न सापडण्याविषयी. सतराव्या आठवड्यात बाळाचे हृदय जेमतेम शेंगदाण्याएवढे असते आणि बाळ पाण्यात मोकळे फिरत असते. सकाळी डावीकडे असलेले बाळ दुपारी उजवीकडे पाठ करून बसलेले असते. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल, तर बाळ आणि यंत्र यांच्यामध्ये तिची गादी येते. पोटावर चरबी थोडी जास्त असणे, गर्भाशय मागे कललेले असणे, जेल पुरेसे न लावणे किंवा बॅटरी उतरलेली असणे, यांपैकी कोणत्याही कारणाने ठोके हुकतात. दवाखान्यात आमच्याही हाताला कधी कधी पाच-सात मिनिटे लागतात. फरक एवढाच की आम्हाला सापडले नाहीत, तर शेजारच्या खोलीत सोनोग्राफी असते आणि तुमच्याजवळ रात्रीचे अकरा वाजलेले असतात. या आठवड्यांत घरच्या डॉपलरवर ठोके न सापडणे ही बहुतेक वेळा यंत्राची आणि जागेची गोष्ट असते. त्यावरून बाळाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही.

ठोक्यांचा आकडा विचाराल, तर दिवस भरत आलेल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० या दरम्यान असतात. नवव्या-दहाव्या आठवड्यात ते याहून जलद, १७० च्या आसपास असतात आणि पुढे हळूहळू उतरतात. बाळाने हातपाय झाडले की ठोके थोडा वेळ वाढतात, बाळ झोपले की उतरतात. आईला ताप आला किंवा वैशाखातल्या आपल्या खान्देशच्या उन्हात शरीरातले पाणी कमी झाले, तरी दोघांचेही ठोके वाढतात. काही साध्या यंत्रांवर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवला जातो, म्हणून पडद्यावरच्या एका आकड्यावर मन ठेवू नये.

१५० च्या वर ठोके म्हणजे मुलगी, हे पूर्णपणे निराधार आहे. मुलगा आणि मुलगी यांच्या ठोक्यांत असा कोणताही फरक नसतो. ही समजूत मला केवळ चुकीची वाटत नाही, तर तिची भीतीही वाटते, कारण आपल्या भागात मुलींचे प्रमाण का घटले ते आपण सर्वांनी पाहिले आहे आणि गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती त्याचसाठी. त्या बाईंना कृपया स्पष्ट शब्दांत सांगा की आमच्या घरी असा हिशेब मांडला जाणार नाही. तुमच्या सासूबाई तुमच्या बाजूने उभ्या राहतील, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते.

यंत्रामुळे बाळाला थेट इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. आतापर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा लावले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मात्र या लहरींमुळे पेशींमध्ये किंचित उष्णता निर्माण होऊ शकते, म्हणून कारणाशिवाय, वारंवार आणि लांबवर त्या वापरू नयेत, असे वैद्यकशास्त्र मानते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली घरगुती वापराच्या या यंत्रांविषयी लोकांना सावध केले, त्यामागे हेही एक कारण होते. दवाखान्यात आम्ही मिनिटभर ऐकून थांबतो. घरी पाऊण-पाऊण तास पोटावर यंत्र फिरत राहते, हे मात्र थांबायला हवे.

पण खरे सांगायचे तर माझी मोठी काळजी उष्णतेची नाही. आज सतराव्या आठवड्यात हे यंत्र तुम्हाला खोटी भीती देत आहे. तेच यंत्र चौतिसाव्या आठवड्यात तुम्हाला खोटा दिलासा देईल आणि तो दिलासा भीतीपेक्षा कितीतरी घातक असेल. त्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडू लागला, तर ते आधी हालचाल आवरते घेते, शक्ती राखते. हृदय मात्र शेवटपर्यंत चालत राहते. अशा अत्यवस्थ बाळाचेही ठोके १४० भरू शकतात. हालचाल कमी झालेली असताना घरी ठोके ऐकून निर्धास्त झालेली आणि म्हणून उशिरा पोचलेली एक माता आणि तिचे गेलेले बाळ, यांची हकीकत ब्रिटनमधील डॉक्टरांनी २००९ साली त्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. मी ती वाचल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला हेच सांगते की डॉपलर 'आत्ता या क्षणी ठोके आहेत का' एवढेच सांगते. तुमचा प्रश्न 'माझे बाळ सुखरूप आहे का' असा आहे, आणि त्याचे उत्तर त्या डबीत नाही.

मग दवाखान्यात पट्टा लावून जी तपासणी करतात, ज्याला आपल्याकडे एन.एस.टी. म्हणतात, ती वेगळी काय असते, असे तुम्ही विचाराल. त्यात किमान वीस मिनिटे ठोक्यांचा आलेख कागदावर उमटतो. आम्ही आकडा पाहतोच, पण त्याहून जास्त त्याचे चढ-उतार पाहतो. बाळ हलल्यावर ठोके वाढतात का, मधली रेघ बारीक लयीत थरथरते की सपाट झाली आहे, कुठे ठोके एकदम खाली घसरतात का, यावरून निर्णय होतो. निरोगी बाळाची रेघ सपाट नसते. घरच्या यंत्रावर दिसणारा एक स्थिर आकडा यातले काहीच सांगू शकत नाही.

तुमच्या मागच्या गर्भपाताविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी साधारण निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. तुम्ही घमेले उचलले, प्रवास केला किंवा एखादा पदार्थ खाल्ला म्हणून ते होत नाहीत आणि कोणी रोज ठोके मोजत बसले असते तरी ते टळले नसते. या वेळी तुम्ही तो टप्पा ओलांडला आहे, ठोके सोनोग्राफीत प्रत्यक्ष पाहिले आहेत आणि अशा वेळी धोका पुष्कळ कमी झालेला असतो. हे वाचूनही भीती लगेच जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या बाईने एकदा 'ठोके दिसत नाहीत' हे ऐकले आहे, तिचे मन पुढच्या प्रत्येक तपासणीला तेच ऐकण्याची तयारी करून जाते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. यंत्र खोक्यात घालून सासूबाईंच्या कपाटात ठेवा आणि पती पुढच्या वेळी आले की त्यांच्याबरोबर ते घराबाहेर जाऊ द्या. ते तुमच्या उशापाशी राहिले, तर रात्री हात तिकडे जाणारच. तुमच्या डॉक्टरांना मागच्या वर्षीची हकीकत आणि ही रोजची तगमग, दोन्ही मोकळेपणाने सांगा आणि महिन्याऐवजी दोन आठवड्यांनी ठोके ऐकून घेता येतील का, असे विचारा. उपकेंद्रातील सिस्टरही ठोके ऐकून देतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथेही जाता येईल. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी चुकवू नका. तिच्यात बाळाचे हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडे असे एकेक अवयव पाहिले जातात आणि वार कोणत्या बाजूला आहे तेही कळते. शक्य असेल तर पतींनी त्या दिवसाची सुटी आधीच मागून ठेवावी. एवढे करूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, सारखे रडू येत असेल, तर त्यालाही उपचार आहेत. 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते.

आणि लवकरच तुम्हाला यंत्राहून चांगली खूण मिळेल. पहिलटकरणीला साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाची हालचाल जाणवू लागते. वार पुढे असेल तर आणखी थोडे उशिरा. सुरुवातीला ते पोटात बुडबुडा फुटल्यासारखे किंवा मासोळी सुळकन वळल्यासारखे वाटते आणि बाई तो वायू समजते. सुरुवातीचे काही आठवडे ती रोज जाणवेलच असे नाही, त्याने घाबरू नका. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मात्र प्रत्येक बाळाची आपली वेळ ठरते. कोणी जेवणानंतर हलते, कोणी आई आडवी झाली की. रात्री पतींचा फोन येईल तेव्हा आकडा सांगण्याऐवजी आज बाळ कधी आणि कसे हलले ते सांगा.

तोपर्यंत, म्हणजे आजपासूनच, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, पोटात थांबून थांबून कळा आल्या, ताप आला, किंवा पुढच्या महिन्यांत डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कोणत्याही यंत्राला न विचारता दवाखाना गाठा.

प्रश्न : सादर प्रणाम. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. आमच्या पाड्यावरील आठवा महिना संपत आलेल्या एका बाईने बाळ कालपासून कमी हलते असे सांगितले. तिच्या भावाने शहरातून डॉपलर आणले होते. त्यावर १४० ठोके आले, म्हणून घरचे म्हणाले की जायची गरज नाही, रस्ताही वाईट आहे. मी आग्रह केला, पण त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी नेता आले. तिचे तातडीने सिझेरियन करावे लागले आणि बाळ नवजात कक्षात अकरा दिवस होते. आता दोघे घरी आहेत. अशा वेळी घरच्यांना मी काय सांगावे? मी स्वतः डॉपलर शिकून घ्यावे का?

उत्तर : आशाताई, तुम्ही आग्रह धरलात म्हणून ते बाळ आज घरी आहे. पहिल्या उत्तरात मी ज्या खोट्या दिलाशाविषयी लिहिले, तो तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

यंत्र शिकण्याची गरज नाही. तुमचे काम ठोके ऐकण्याचे नाही, बाईचे म्हणणे ऐकण्याचे आहे आणि ते तुम्ही केलेत. घरच्यांना असे सांगा : बैल उभा आहे आणि श्वास घेतो आहे, एवढ्यावरून आपण त्याला निरोगी म्हणत नाही, चारा टाकला आणि त्याने तोंड फिरवले की आपण डॉक्टरांना बोलावतो. हालचाल कमी होणे हे बाळाचे तोंड फिरवणेच आहे. ठोके आहेत म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हालचालीविषयी शंका असेल, तर बाईला काही खायला-प्यायला द्यावे, डाव्या कुशीवर शांत निजवावे आणि बाळ किती वेळा हलते ते मोजावे. बाळ एका वेळी वीस ते चाळीस मिनिटे झोपते, क्वचित त्याहून जास्त, म्हणून दोन तास धरावेत. तेवढ्यात दहा हालचाली झाल्या नाहीत, तर निघावे. पण ज्या पाड्यावरून दवाखाना दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, तिथे मी गाडी आधी बोलावायला आणि मोजणी वाट पाहताना करायला सांगेन. आणि बाळ अजिबात हलत नसेल, तर मोजत बसूच नये. 'दिवस भरत आले की बाळ कमी हलते' हे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, तेही खरे नाही. जागा कमी झाल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी बाळ कूस बदलल्यासारखे वाटते, पण हालचाल कमी होत नाही.

गाडीसाठी १०८ आणि १०२ हे क्रमांक आहेतच. गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयात नेणे-आणणे, तपासण्या, सिझेरियन आणि बाळाचे उपचार हे सर्व जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे घरातील कर्त्या पुरुषाला आधीच, सातव्या महिन्यातच सांगून ठेवा. पुष्कळदा रस्त्याचे कारण पुढे केले जाते आणि मनात खर्चाची भीती असते. पावसाळ्यात ज्यांचे दिवस भरतात, त्यांना तारखेच्या आधीच आरोग्य केंद्रालगतच्या 'माहेरघर' या निवासात आणून ठेवण्याविषयी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

आणि तुम्ही बाईला पुढे पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर 'ठोके १४०' एवढेच लिहू नका, कारण रात्रपाळीच्या घाईत तो आकडा वाचून तुमची बाई रांगेत मागे राहू शकते. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहा : 'बाळाची हालचाल कमी', आणि त्याखाली ती कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून कमी झाली ते लिहा.